आधी कागद, मग गाडी : गटासाठी जुना टेम्पो घेताना



पालघर, डहाणू, वसईकडच्या आपल्या गटांचा माल आता बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडपर्यंत जातो. भाजी, चिकू, मोगरा, पापड, मसाले. आजवर हा माल लोकलच्या मालडब्यातून नाहीतर भाड्याच्या टेम्पोतून गेला. आता बऱ्याच बैठकांत एकच विषय निघतो : आपलाच एक टेम्पो घेऊया का? नवा परवडत नाही, जुना बघूया. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावर.

१. खरंच गाडी हवी का? हिशेब मांडा

समजण्यासाठी आकडे धरू. भाड्याच्या टेम्पोची एक फेरी २,५०० रुपये. महिन्याला १२ फेऱ्या म्हणजे ३०,००० रुपये.

स्वतःची गाडी असेल तर ड्रायव्हर १५,०००, कर्जाचा हप्ता ७,०००, विमा-पासिंग-दुरुस्तीसाठी महिन्याला बाजूला काढायचे ४,००० आणि सीएनजी फेरीला ६५० प्रमाणे ७,८००. एकूण ३३,८००. म्हणजे १२ फेऱ्यांना भाडंच स्वस्त. पण २० फेऱ्या असतील तर भाडं ५०,००० होतं आणि स्वतःच्या गाडीचा खर्च ३९,०००. तिथे गाडी परवडते.

तुमच्या गटाचे खरे आकडे घालून हा हिशेब फळ्यावर करा. गाडी उभी राहिली तरी हप्ता आणि पगार थांबत नाही, हे विसरू नका.

२. माल बघून गाडी निवडा

भाजी, क्रेट, पोती असतील तर उघड्या हौद्याचा छोटा टेम्पो बरा. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, याच कामाचा. साधारण पाऊण टन माल घेतो, गल्लीत वळतो. पापड, मसाले, शिवणकाम असेल तर इको कार्गोसारखी बंद गाडी बघा, पावसात माल भिजत नाही.

नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण ती मालवाहतुकीच्या धंद्याला चालत नाही. मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या गाडीला वेगळं परमिट लागत नाही. छोटे टेम्पो त्यातच बसतात.

३. इसार देण्याआधी कागद

गाडी कितीही चकचकीत असली तरी हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका :

- आरसी बुक. विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का? ‘मालक गावाला गेलाय, मी त्याचा माणूस’ असं उत्तर आलं तर परत फिरा. चासी आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. एमएच-०२ अंधेरी, एमएच-४७ बोरिवली, एमएच-०३ वडाळा. घाटकोपर-मुलुंडच्या गाड्या वडाळ्याला येतात.
- बोजा. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच.
- पासिंग. पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. ते संपलं असेल तर विकणाऱ्याने करून द्यावं.
- विमा, पीयूसी आणि ई-चलन. बाकी दंड आधी त्याला भरायला लावा.
- सीएनजी टाकी. दर ३ वर्षांनी तपासणी लागते. पट्टीवरची तारीख बघा.

४. आता गाडी

मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याने आणलेला नको. सकाळी लवकर, इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी खोड लपवते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, मोठा खर्च. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर पार झिजलंय आणि मीटर मात्र ३० हजार किलोमीटर दाखवतोय, तर मीटरवर विश्वास नको.

हौद्याखाली वाकून बघा. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा आणि चासी गंजते. मागचे पाटे बसलेले असतील तर गाडीने जास्त माल ओढलाय.

पुराची गाडी ओळखायला शिका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अंधेरी सबवेसारख्या सखल जागी आजही पावसाळ्यात पाणी भरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मॅटखाली आणि फ्यूजच्या डब्यात बघा. चिखलाचा डाग किंवा कुबट वास आला तर गाडी सोडा. तिचं वायरिंग पुढे रडवतं.

शेवटी माल भरून चालवा. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ आहे. तिथे लोड घेऊन चढली, उतरताना ब्रेक सरळ लागला, तर पुढचं बोला.

५. गाडी कोणाच्या नावावर?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गट नोंदणीकृत संस्था नसेल तर गाडी कुणा एका व्यक्तीच्या नावावर होते. कायद्याने आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. पैसे दहा जणींचे आणि नाव एखाद्या ताईच्या मिस्टरांचं किंवा ड्रायव्हरचं, असं झालं तर उद्या गाडी विकली गेली तरी गटाच्या हातात काही राहत नाही. म्हणून नाव सदस्य ताईचंच. आणि ठराव लिहा : गाडी गटाची आहे, उत्पन्न गटाच्या खात्यात येईल, सगळ्यांच्या सह्यांशिवाय गाडी विकता येणार नाही.

त्या ताईचीही काळजी घ्या. गाडी विकूनही आरसीवर नाव तसंच राहिलं असेल, तर अपघाताची भरपाई त्या नोंदलेल्या मालकाकडूनच मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. विमा संपलेला असेल तर तो भार एकट्या ताईवर येईल. म्हणून विम्याची तारीख बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांत आरटीओत नाव बदलायला द्या, विमा १४ दिवसांत. एजंट ‘करतो नंतर’ म्हणाला तरी काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवा, आणि तसं सौदापत्रात लिहून घ्या. बाकी रक्कम चेकने किंवा खात्यातून द्या.

आणि एक आनंदाची गोष्ट. कारचा, म्हणजे एलएमव्ही परवाना असेल तर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. म्हणजे ड्रायव्हर बाहेरूनच आणायला हवा असं नाही.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या महिन्याला किती फेऱ्या होतात? पावसाळ्यात किती?
२. आरसीवर कोणत्या ताईचं नाव असेल आणि ठरावात काय लिहायचं?
३. आपल्यातली कोण गाडी शिकायला तयार आहे?