आला पाऊस म्हणून धावू नकोस

भाच्या, पाऊस परत आल्याचं सांगताना तुझ्या आवाजातच नांगर जुंपलेला ऐकू आला. जरा दम धर. २०२३ चा जून आठव. ११ तारखेला मान्सून रत्नागिरीत पोचल्याचं हवामान खात्यानं सांगितलं आणि स्वारी इथंच बसून राहिली. तिकडे बिपरजॉय वादळानं सगळं बाष्प ओढून नेलं, आणि मुंबई गाठायला मान्सूनला २५ जून उजाडला. ऑगस्ट तर देशभर १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा गेला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात, कारण जांभ्यातून पाणी पाझरून थेट समुद्राची वाट धरतं. तेव्हा लांबलेल्या उघडिपीनंतर पहिले आठ दिवस कसं वागायचं, ते लिहून देते.

१. पहिल्या सरीला बियाण्याची कणगी उघडू नकोस, आधी कुदळीनं वीतभर खणून बघ — वरची माती भिजली की आपलं मन लगेच भिजतं, पण खाली कोरडं असलं तर कोंब दोन उन्हांत करपतो. ढगाचं ऐकावं, पेरणीचं मातीला विचारावं.

२. कुदळ हातात आहेच तर मेरेवरून, म्हणजे मळ्याच्या बांधावरून, एक फेरी मार — उन्हानं मेर फाटलेली असते, त्या भेगांत खेकडे घर करतात आणि एका रात्रीत तुझ्या मळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या मळ्यात जातं. बोटभर बीळ, खंडीभर भात! चिखलाचा गोळा आत खोलवर ठासायचा. वरवर लिंपलेलं तासाभरात सुटतं, आणि लिंपणारा मात्र घरी चहा पीत असतो.

३. दाढ, म्हणजे रोपांचा वाफा, पिवळी पडली म्हणून लगेच नांगर फिरवू नकोस, चार-पाच दिवस वाट बघ — मुळं जिवंत असली तर पाऊस लागताच बरीचशी हिरवी होते. आवण (लावणीची रोपं) महिन्याच्या पुढं गेलं असेल तर चुडात चार-पाच रोपं धर आणि लावणी जरा दाट कर — जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात.

४. दाढ गेलीच असेल तर उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताचा हट्ट सोड. रत्नागिरी-१ सारखं लवकर पिकणारं हळवं बी घे आणि रहू टाक, म्हणजे बी दिवसभर भिजत घालायचं, गोणपाटात दाबून मोड आणायचे आणि चिखलणी केलेल्या मळ्यात फेकायचं — दाढीचे तीन आठवडे वाचतात. शंका असली तर शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचार. विचारायला पैसे पडत नाहीत, फक्त आपल्या घराण्याला ते जड जातं.

५. बी घरचं असो की विकतचं, दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात ओत आणि तरंगलेलं काढून टाक — पोचट दाणा वर येतो. मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा धू — मीठ राहिलं तर चांगलंही रुजायचं नाही.

६. धो धो पडत असताना युरिया नको — तो पऱ्यानं, म्हणजे ओढ्यानं, खाडीत जातो, आणि माशांना भात लावायचं नसतं.

७. चढणीचे मासे एकदाच आण, तेही गाबोळीवाले सोडून — अंडी घालायलाच ते वर चढतात.

८. गुरांना सकाळी आधी पेंढा टाक, मग चरायला सोड — कोवळं हिरवं उपाशी पोटी अधाशासारखं खाल्लं की पोट फुगतं.

९. विहिरीचं पाणी भरलं म्हणून लगेच घागर बुडवू नकोस — पहिलं पाणी अंगणातली सगळी घाण घेऊन उतरतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून ब्लीचिंग पावडर टाकून घे.

१०. काजूखालचा पातेरा आणि चिऱ्यांची रास हातानं उपसू नकोस, काठीनं हलव — फुरसं हा विषारी साप तिथंच पडून असतो, आणि तो पालापाचोळ्याच्याच रंगाचा. चावलाच तर कापणं, चोखणं, मंत्र घालणं काही नको. थेट सरकारी दवाखाना गाठ — विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं.

११. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नकोस. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरला न विसरता सांग की शेतात काम केलंय — लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप पहिल्या दिवसांत साध्या तापासारखाच दिसतो.

१२. घरामागच्या डोंगराकडे रोज एक नजर टाक. नवी भेग, वाकलेलं झाड, अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर माणसं घेऊन त्याच दिवशी नातेवाइकांकडे जा — २०२१ च्या जुलैत खेड तालुक्यातल्या पोसऱ्यात दरड आली, तेव्हा घरातल्यांना पळायला वेळच मिळाला नाही. सामान मागून आणता येतं. माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत, लाजू नकोस.

१३. खताच्या रिकाम्या गोणी धुऊन, घडी घालून माळ्यावर ठेव — पावसाळा सरला की पऱ्यात वनराई बंधारा घालायला माती भरून त्याच लागतात, आणि त्यानंच विहिरीचं पाणी थोडं पुढं टिकतं. तेव्हा वाडीतली पोरं गोळा करायचं काम तुझ्याकडे. भाकऱ्यांचं मी बघते.