छातीच्या फोटोत गाठी निघाल्या तर

अगं, फोटोत गाठी दिसल्या म्हणून धीर सोडू नकोस. आपल्याकडे खोकला, उतरलेलं वजन आणि गाठी असं जुळलं की आधी टीबीचा संशय येतो, आणि तो यायलाच हवा. पण तपासण्यांत टीबी सापडत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचार, "हा सार्कॉइडोसिस तर नाही ना?"

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. यात प्रतिकारशक्तीच्या पेशी जमून बारीक पुंजके होतात. फुप्फुसात, डोळ्यांत, कातडीत, यकृतात, हृदयातसुद्धा. म्हणून लाल डोळे, अंगावरचे चट्टे, छातीतली धडधड, सगळं एकाच डॉक्टरांना सांग. आपलं तिवसा गाव नागपूर-अमरावती रस्त्यावर, म्हणून दोन्हीकडे जाणं होतं. डोळे अमरावतीला दाखवायचे आणि छाती नागपूरला, असं झालं की दुखणी सुटी-सुटीच राहतात.

छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी सारख्याच ग्रंथी सुजलेल्या दिसल्या की संशय बळावतो. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातले बारीक ठिपके कळतात. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. जिथे दाह जास्त, तिथे ती जास्त साठते, म्हणून एकाच तपासणीत अनेक अवयव दिसतात. हृदयासाठी एमआरआयही करतात. हृदयाचा पेट असेल तर आधी पोळी, भात, साखर बंद ठेवायला सांगतात. ते नीट पाळ, नाहीतर निरोगी हृदयातही साखर साठते आणि चित्र फसवं येतं. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर स्कॅनआधीच सांग.

पण टीबी आणि कॅन्सरही पेटमध्ये असेच दिसू शकतात. चित्रावरून तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) कुठून घ्यायचा ते ठरतं. निदानासाठी बहुधा तो तुकडाच तपासावा लागतो. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सुईने ग्रंथीचा नमुना घेतात. टीबीच्या पुंजक्याचा मधला भाग बहुधा सडलेला असतो, सार्कॉइडोसिसमध्ये सहसा नसतो. बायोप्सीच्या नावाने घाबरून ती टाळू नकोस. टीबी असताना सार्कॉइडोसिस समजून नुसतं स्टेरॉइड सुरू झालं, तर टीबी फोफावतो.

आणि हो, कॅल्शियम, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या मनाने घेऊ नकोस. या आजारात रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. स्टेरॉइड सुरू झालंच, तर बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नकोस.

पुष्कळांचा हा आजार औषधाशिवायही ओसरतो, पण डोळे आणि हृदय तपासून घ्यायलाच हवेत. तेव्हा जुने फोटो, सीटीच्या सीडी, रक्ताचे रिपोर्ट सगळे एका पिशवीत घाल आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांना दाखव. एकटी जाऊ नकोस, घरातल्या कुणाला तरी सोबत ने.