सरांचं आडनाव लावणारा नट : रिचर्ड बर्टन



आज वेल्सच्या एका नामवंत नटाविषयी लिहितेय. पण मला ओढ आहे ती त्याच्या शाळेच्या दिवसांची.

रिचर्ड बर्टनचं जन्मनाव रिचर्ड वॉल्टर जेन्किन्स. जन्म १० नोव्हेंबर १९२५, दक्षिण वेल्समधल्या पॉन्टरिडिव्हेन गावात. वडील कोळसा खाणीत कामगार. तेरा भावंडांत हा बारावा. दोन वर्षांचा होण्याआधीच आई गेली, मग मोठ्या बहिणीने, सिसिलियाने, त्याला पोर्ट टॅलबटला नेऊन वाढवलं. घरात वेल्श भाषा. इंग्रजी तो शाळेत शिकला! ज्याचे इंग्रजी संवाद पुढे जगाने कान देऊन ऐकले, त्याची ती मातृभाषा नव्हती. पालकांनी इथे जरा थांबावं.

१९४१ मध्ये घरच्या ओढाताणीमुळे त्याची शाळा सुटली. सहकारी दुकानात कपड्यांच्या काउंटरवर तो कामाला लागला. आपल्या भाषेत, मूल शाळाबाह्य झालं. पण त्याला ओळखणाऱ्या काही मंडळींनी त्याच्यासाठी शब्द टाकला आणि १९४२ मध्ये तो वर्गात परतला.

तिथे इंग्रजी शिकवायला होते फिलिप बर्टन. नाटकं बसवणारे, रेडिओसाठी लिहिणारे सर. १९४३ मध्ये त्यांनी या मुलाची जबाबदारीच घेतली. दत्तक घ्यायचं होतं, पण कायद्याने दोघांच्या वयात २१ वर्षांचं अंतर हवं होतं आणि ते २० दिवसांनी कमी भरलं. शेवटी सर कायदेशीर पालक झाले आणि मुलाने त्यांचं आडनाव लावलं.

सर त्याला डोंगरावर घेऊन जात. त्याने शेक्सपिअरची स्वगतं म्हणायची, सर लांब लांब जात राहणार. ओरडायचं मात्र नाही, तरी शब्द पोचला पाहिजे. मी वर्गात सारखी "मोठ्याने वाच" म्हणते आणि मुलं नुसती किंचाळतात. हे वाचल्यावर मला माझंच हसू आलं.

पुढचं बरंच तुम्हाला माहीत असेल. युद्धकाळात हवाई दलाचा कॅडेट म्हणून ऑक्सफर्डमध्ये सहा महिने, मग रंगभूमी. लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये हॅम्लेट, १९५४ मध्ये बीबीसी रेडिओवर डिलन थॉमसचं 'अंडर मिल्क वुड', 'कॅमलॉट'साठी १९६१ चा टोनी पुरस्कार. सिनेमात 'बेकेट', 'क्लिओपात्रा'. एलिझाबेथ टेलरशी दोनदा लग्न, दोनदा घटस्फोट. वर्तमानपत्रांनी तेच जास्त छापलं. दारूने तब्येत पोखरली, हेही लपवण्यात अर्थ नाही. ऑस्करसाठी सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही.

५ ऑगस्ट १९८४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये तो वारला, वयाच्या ५८ व्या वर्षी. सेलिनी गावात त्याला पुरलं. अंगावर वेल्सचा लाल रंग, सोबत डिलन थॉमसच्या कवितांचं पुस्तक. थडग्यावर आडनाव बर्टन.

फिलिप सर त्याच्यानंतरही दहा वर्षांहून जास्त जगले.