सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे मोजा

रोहिणी लागल्या की मराठवाड्यात आणि विदर्भात बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होते. कोणता वाण घ्यायचा, पिशवी कितीला पडली, यावर पारावर तासन्‌तास बोलणे चालते. त्या पिशवीतले, किंवा घरच्या पोत्यातले, शंभरात किती दाणे उगवतात हे पेरणीआधी पाहणारे घर मात्र शोधावे लागते. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. दोष बियाण्याचा किती आणि पेरणीचा किती, हा वाद चालूच राहील. चाचणीला मात्र एक पैसाही लागत नाही.

सोयाबीनचा दाणा मुळात नाजूक. त्याची साल पातळ, आणि अंकुर त्या सालीला अगदी लागून असतो. मळणी करताना ड्रम जोरात फिरला, पोते ट्रॅक्टरवरून आपटले, थप्पी उंच रचली, की अंकुराला इजा होते आणि बाहेरून दाणा टपोराच दिसतो. काढणीच्या वेळी शेंगा पावसात भिजल्या असतील तर सालीखाली बुरशी आधीच घर करून बसलेली असते. नुसत्या डोळ्यांनी बियाणे पारखता येते, हा समज म्हणूनच सोडून द्यावा.

चाचणीसाठी प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे काढून एकत्र मिसळा. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजून घ्या. चांगले चांगले वेचून घेतले तर फसवणूक आपलीच. स्वच्छ धुतलेले ओले गोणपाट पसरून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी बोटभर अंतराने मांडा, वरून दुसरे ओले गोणपाट टाका, गुंडाळी करून सैल बांधा आणि घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवाल तर उष्णतेनेच दाणे मरतील. रोज पाणी शिंपडा, पण पाणी साचू देऊ नका. पाचव्या दिवशी उघडून पाहा, आठव्या दिवशी शेवटची मोजणी करा. शंभर दाण्यांच्या एका गुंडाळीवर निकाल लावण्यापेक्षा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढलेली बरी.

बहुतेकांची गफलत मोजताना होते. मोड दिसला की दाणा उगवला, असे धरले जाते. मटकीच्या उसळीसाठी ते ठीक आहे, पेरणीसाठी नाही. ज्या रोपाला सरळ मूळ आहे, खालची दांडी अखंड आहे, दोन्ही डाळिंब्या आणि त्यांच्या मधला कोंब शाबूत आहे, तेच रोप धरायचे. मूळ आहे पण कोंब नाही, दांडी चिरलेली आहे, मूळ आखूड होऊन तपकिरी पडले आहे, अशी रोपे बाजूला काढा. शेतात ती जमिनीबाहेर येत नाहीत. उरलेल्या दाण्यांत काही मऊ, दुर्गंधी येणारे, काळी, हिरवी किंवा पांढरी बुरशी चढलेले असतील. ते फेकण्याआधी मोजा, कारण खरी माहिती तिथेच आहे. असे दाणे जास्त निघाले तर त्याच पोत्यातल्या आणखी शंभर दाण्यांना बुरशीनाशक चोळून पुन्हा चाचणी लावा. आकडा चांगला वाढला तर रोग सालीवर होता आणि बीजप्रक्रियेने बियाणे वाचेल. आकडा हलला नाही तर अंकुरच मेलेला आहे. त्यावर कोणतेही औषध नाही. ते पोते तेलगिरणीचे.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणशक्ती 70 टक्के असावी लागते. तेवढी निघाली तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. त्याखाली दर एक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. म्हणजे 64 टक्के निघाले तर एकरी 33 किलो. 60 च्या खाली गेलेले बियाणे पेरूच नये. जास्त टाकून भागवू, असे म्हणणाऱ्याच्या शेतात एकीकडे दाटी आणि दुसरीकडे खाडे दिसतात.

आता जंतूंकडे वळू. पीक पिवळे पडो की मर लागो, गावात एकच निदान होते: व्हायरस आला. बुरशी, जिवाणू आणि विषाणू हे तीन वेगळे जीव आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. बियाणे कुजवणारी, खोड-मूळ सडवणारी ती बहुतेक बुरशी. तिला बुरशीनाशक चालते. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग, तो पांढरी माशी पसरवते. त्यावर बुरशीनाशक किंवा प्रतिजैविक फवारणे म्हणजे सर्दीला अँटिबायोटिक घेण्यासारखे: खर्च होतो, विषाणूला काही होत नाही. रोगट झाडे सुरुवातीलाच उपटणे आणि माशी आवरणे, एवढेच आपल्या हातात आहे.

जिवाणूंमध्ये आपले मित्रही आहेत. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र पिकाला देतात, हे जर्मनीत हेलरीगेल यांनी 1886 मध्ये दाखवले आणि 1888 मध्ये हॉलंडच्या बेयरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. सोयाबीनला त्याचा स्वतःचा रायझोबियम लागतो. हरभऱ्याचे उरलेले पाकीट सोयाबीनला लावून उपयोग नाही. पाकिटावर पिकाचे नाव आणि अंतिम मुदत वाचा, आणि ज्या दुकानात ते उन्हात लटकवलेले असेल तिथून घेऊ नका. आत जिवंत जीव आहे.

म्हणूनच बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा. आधी बुरशीनाशक: कार्बोक्झिन अधिक थायरम, किलोला 3 ग्रॅम. खोडमाशीचा त्रास असलेल्या भागात त्यानंतर थायमेथोक्झाम 30 टक्के एफएस, किलोला 10 मिली. हे सुकल्यावर सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशी, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी 250 ग्रॅम दहा किलोला. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. तिन्ही एकत्र कालवले तर मित्र आधी मरतो. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर रासायनिक बुरशीनाशक टाळा, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे. दाणे जोरात चोळू नका, साल सुटते. हातमोजे घाला, तंबाखू दूर ठेवा, आणि औषध लावलेले उरलेले बियाणे जनावरांच्या पुढ्यात किंवा गिरणीत जाणार नाही याची काळजी घ्या.

पेरणीची घाई पहिल्या वळवाच्या सरीवर करू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला आणि ओल वीतभर खाली गेली की मगच तिफण किंवा ट्रॅक्टर धरा. दाणा 3 ते 5 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. सोयाबीन डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येते, त्यामुळे खोल पडलेला किंवा पपडीखाली अडकलेला दाणा मान मोडून घेतो. महिनाभराने दोन-चार झाडे मुळासकट हलक्या हाताने खणून काढा आणि गाठ चिरून पाहा. आत गुलाबी-लाल दिसले तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाहीत.

बाजारातले बियाणे घेतले असेल तर पावती, पिशवी, त्यावरचे लेबल आणि मूठ-दोन मूठ दाणे काढणी होईपर्यंत जपून ठेवा. पिशवी फोडताना लेबलची बाजू सोडून खालून फोडा. उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका.