घारापुरी : एका दिवसाच्या सहलीचा पाठ

सकाळी घरून निघावे, समुद्रमार्गे एखादे बेट पाहावे आणि दिवेलागणीपूर्वी मुलाबाळांसह परत यावे, अशी सोय असलेली स्थळे आपल्या राज्यात मोजकीच आहेत. घारापुरी हे त्यांतील अग्रगण्य स्थळ होय. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० ते ११ किलोमीटर अंतरावर असलेले हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. येथील शैव लेण्यांचा १९८७ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. तथापि बहुसंख्य कुटुंबे तेथे जातात ती घाईने लेणी पाहून परत येण्यासाठी. थोडी पूर्वतयारी केल्यास या एका दिवसात समुद्र, शिल्प आणि ग्रामजीवन या तिन्हींचा पाठ मुलांना देता येतो. तो कसा द्यावा, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

निघण्यापूर्वी

लेणी सोमवारी बंद असतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे सहलीचा विरस होण्याचा संभव असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना बोटी बंद ठेवल्या जातात. म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सहलीस अधिक योग्य. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी धरल्यास ऊन व गर्दी दोन्ही टाळता येतात. बेटावर पर्यटकांना रात्री मुक्काम करण्याची परवानगी नाही. यास्तव परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते, हे बेटावर उतरतानाच विचारून घ्यावे.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहान आगगाडी चालते. त्यापुढे सुमारे १२० पायऱ्या चढावयाच्या असतात. चढण फारशी कठीण नाही. परंतु घरातील वृद्धांना ती सावकाश, थांबत थांबत चढू द्यावी. चालणे अशक्य असलेल्यांना डोलीचा आधार घेता येतो. वाटेवर माकडे पुष्कळ असून हातातील खाऊची पिशवी ती हिसकावून नेतात. खाद्यपदार्थ झाकून ठेवावेत आणि माकडांना काहीही देऊ नये, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

समुद्र हीच पहिली शाळा

बोटीचा प्रवास सुमारे एक तासाचा. एवढ्या अवधीत मुंबई बंदराचा भूगोल डोळ्यांपुढून सरकत जातो. नांगरलेली जहाजे, खनिज तेलाची जहाजे जेथे लागतात ते जवाहर द्वीप, पलीकडे उरण परिसरातील जवाहरलाल नेहरू बंदर, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू, असा हा देखावा आहे. या सेतूची एकूण लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून तिचा बराच मोठा भाग समुद्रावर आहे. सोबत नकाशा असल्यास मुलांना या स्थळांची ओळख सहज पटते.

भरती-ओहोटीचा धडा तर येथे पुस्तकाशिवाय शिकविता येतो. मुंबईच्या किनाऱ्यापुरता आपल्या वाडवडिलांचा एक सोपा आडाखा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून सुमारे तीन वाजता भरती. अष्टमीस सहा वाजता. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने का पुढे सरकते, याचे उत्तर चंद्राच्या गतीत आहे. शिक्षकांनी आदल्या दिवशी मुलांकडून ही वेळ काढून घ्यावी आणि बेटावर उतरल्यावर पाण्याची पातळी पाहून ती पडताळावयास सांगावे. ओहोटीच्या वेळी धक्क्याजवळचा चिखल उघडा पडतो आणि त्यात उभी असलेली तिवरांची झाडे मुळांसह दिसतात.

सुरक्षिततेचा धडा

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. या दुर्घटनेत १५ जणांनी प्राण गमावले. त्यानंतर बोटीतील प्रवाशांनी लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. पण सक्ती असली तरी गळ्यात अडकवलेले आणि पट्टे न बांधलेले जॅकेट संकटसमयी उपयोगी पडत नाही. पालकांनी बोट सुटण्यापूर्वीच मुलांच्या जॅकेटचे पट्टे स्वतः तपासावेत. लहान मुलास मोठ्या मापाचे जॅकेट देऊ नये. लहान मापाचे मागून घ्यावे. क्षमतेचा फलक वाचावा आणि बोट भरलेली दिसल्यास पुढच्या बोटीची वाट पाहावी. छायाचित्रासाठी कठड्यावर झुकण्याचा मोह आवरावा. शाळेची सहल असल्यास बोटीत चढताना व उतरताना अशी दोनदा मुलांची मोजणी होणे आवश्यक आहे.

लेण्यात काय पाहावे

मुख्य लेणे साधारणतः इसवी सनाच्या सहाव्या शतकातील असून ते कलचुरींच्या काळात कोरले गेले, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. येथे दगडावर दगड रचलेला नाही. अखंड कातळातून नको तेवढा भाग काढून टाकून स्तंभ, दालने व मूर्ती साकारल्या आहेत. चुकीचा घाव भरून काढण्याची सोय नसताना हे काम झाले, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी.

उत्तरेकडून आत शिरताच समोर दक्षिण भिंतीवर सुमारे साडेपाच मीटर उंचीची सदाशिवमूर्ती दिसते. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात. परंतु ही तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले शांत, आपल्या डावीकडचे उग्र, उजवीकडचे स्त्रीसुलभ कोमल. मूर्तीच्या एका बाजूस अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूस गंगाधर. रावण कैलास हलवीत असल्याचे शिल्प मुलांना विशेष आवडते, तर शिवपार्वतीच्या विवाहाच्या शिल्पातील पार्वतीची लज्जा वडीलधाऱ्यांना थांबवून ठेवते. सर्व शिल्पे घाईने पाहण्यापेक्षा तीनचार शिल्पांपुढे दहा दहा मिनिटे बसावे. मुलांना वहीत एखाद्या मूर्तीचे रेखाटन करू द्यावे. हाताने काढलेले डोळ्यांस अधिक काळ आठवते.

अनेक मूर्तींचे हात, पाय व मुखे भग्न आहेत. हजारो घावांनी घडलेले शिल्प एका अविचारी घावाने कसे नष्ट होते, हे दाखविण्यासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. भिंतीवर नावे कोरणे आणि मूर्तींना हात लावणे हे त्याच विध्वंसाचे छोटे रूप होय.

बेटाच्या एलिफंटा या नावाची कथा मात्र बेटावर पूर्ण होत नाही. धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी हे नाव दिले. तो हत्ती १८१४ साली ढासळला आणि १८६४ साली मुंबईस नेण्यात आला. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. दुसऱ्या एखाद्या रविवारी मुलांना तो अवश्य दाखवावा.

बेटावरचे गाव

राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांचे हे गाव आहे आणि तेथे ग्रामपंचायत आहे. जवळच्या महानगरात रात्रभर दिवे झळकत असताना या गावी सायंकाळी काही तास जनित्रावर मिळेल तेवढाच प्रकाश होता. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये येथे वीज पोहोचविण्यात आली. स्वातंत्र्यानंतर त्यासाठी सत्तर वर्षे लागली. हे सांगताना मुले साहजिकच विचारतील की, एवढ्या जवळच्या गावास इतका उशीर का? या प्रश्नावर चर्चा होऊ द्यावी. नागरिकशास्त्राचा तो जिवंत पाठ आहे.

पंचायत सदस्यांनी तर हे बेट अभ्यासाच्या दृष्टीनेच पाहावे. थोडक्या वस्तीच्या गावात रोज बाहेरून मोठा जनसमुदाय येतो, पाणी वापरतो आणि कचरा टाकून जातो. पर्यटकांच्या खरेदीवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, तसा त्यांच्या कचऱ्याचा भारही त्याच गावावर पडतो. आणि बेटावरून कचरा हलवावयाचा तर त्यालाही समुद्र ओलांडावा लागतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने पाण्याच्या बाटल्या व वेष्टने आपल्या पिशवीतून परत आणावीत. जेवण अथवा सरबत गावकऱ्यांकडून घ्यावे आणि मुलांना त्यांच्याशी दोन शब्द बोलू द्यावे. लेण्यांच्या पायथ्याशी माणसे राहतात, याची जाणीव त्या संवादातूनच होईल.

परत आल्यावर शिक्षकांनी मुलांकडून एक पान लिहून घ्यावे : भरतीची वेळ बरोबर आली काय, कोणते शिल्प आवडले आणि का, आणि गावात कोणाशी काय बोलणे झाले. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाजवळ असतील, त्याची सहल सार्थकी लागली असे समजावे. आपापल्या जिल्ह्यातील स्थळांसाठीही शाळांनी व ग्रामपंचायतींनी अशीच प्रश्नावली तयार केल्यास सहलीचा दिवस शिक्षणाचाही दिवस ठरेल.