जीर्ण म्हणजे नक्की काय?

आज वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला २२वा श्लोक होता, जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेण्याचा. खरं सांगू? माझं मन थेट पार्किंगमधल्या बाबांच्या गाडीकडे गेलं. सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. मी तर ती स्क्रॅपला द्यायचं ठरवूनच टाकलं होतं, फक्त बाबांना सांगायचं राहिलं होतं.

काल मेकॅनिककाकांनी प्लग काढून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. दोन ठीक, तिसरा बराच खाली. त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा वर चढला! म्हणजे पिस्टन रिंग किंवा बोअर झिजलाय; ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. काटा हलला नसता, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघावं लागलं असतं. (डीबगिंग हेच की! एका वेळी एकच गोष्ट बदलायची.)

ब्लॉकला तडा असता, पत्रा सडलेला असता, तर मीही हट्ट धरला नसता. पण इथे बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसतील. श्लोकातला शब्द जीर्ण आहे, जुना नाही. मी दोन्ही एकच धरून चाललो होतो.

रात्री बाबांना म्हटलं, "गाडी काही दिवस गॅरेजला ठेवावी लागेल."

"इंजिन उतरवणार?" त्यांनी विचारलं. "मग मीपण येतो." आणि चष्मा शोधायला लागले.