कर्णबधिर नटाला आपली पाळी कशी कळते?

प्रश्न : 'कोशिश', 'खामोशी', 'बर्फी' या चित्रपटांत ऐकू न येणाऱ्या माणसांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनीच केल्या. खऱ्या कर्णबधिर माणसाला अभिनय जमत नाही का? आणि समोरच्याचे वाक्य ऐकूच येत नसेल, तर आपली पाळी आली हे त्याला कळते कसे?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : जमतो, आणि उत्तम जमतो. २००९ च्या 'नाडोडिगळ' या तामीळ चित्रपटातून पुढे आलेली अभिनया ही अभिनेत्री कर्णबधिर आहे. तरीही तिने बोलणाऱ्या पात्रांच्या भूमिका केल्या आहेत. संवाद समजून घेऊन ती ओठ हलवते, आवाज नंतर दुसरी कलाकार देते. ऐकू येणाऱ्या कितीतरी नायिकांचे आवाजही असेच डब होतात.

पाळीचे म्हणाल, तर डोळे हाच मुख्य आधार. तालमीत सहकलाकाराच्या हालचाली पक्क्या ठरवतात : त्याने पेला खाली ठेवला की मान वळवायची, तो दारापाशी पोचला की उठायचे. पाठमोरे असताना खांद्याला होणारा हलका स्पर्श, दिव्याच्या उजेडातला बदल, लाकडी रंगमंचावर पडलेल्या पावलाचा तळव्यांना जाणवणारा हादरा, हेही कामी येतात. कॅमेऱ्यासमोर तर दिग्दर्शकाने हात केला की पुरते. लॉस एंजेलिसच्या 'डेफ वेस्ट थिएटर'ने २०१५ मध्ये ब्रॉडवेवर 'स्प्रिंग अवेकनिंग' हे चक्क संगीत नाटक केले. त्यात कर्णबधिर नट खुणांच्या भाषेत पात्र उभे करत आणि सोबतचा कलाकार त्या पात्राचा आवाज होई.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यांतला एक वाचिक सोडला तर उरलेल्या तिन्हींना कान लागत नाहीत. आपली मराठी रंगभूमी मात्र संवादांवर पोसलेली, आणि मालिका तर अखंड बोलतच असतात. दिग्दर्शकाला खुणांची भाषा येत नाही, दुभाषी ठेवायचा खर्च नको असतो. म्हणून कर्णबधिर मुलाला निवडचाचणीलाच कोणी बोलावत नाही. माझ्या मते खरी अडचण एवढीच आहे.

संजीवकुमारांचे 'कोशिश'मधले काम थोर आहे, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत, तिला व्याकरण आहे. भारतीय खुणांच्या भाषेत 'काय', 'कुठे' हे प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवया, चेहरा हाही त्या व्याकरणाचाच भाग असतो. चित्रीकरणापुरत्या खुणा शिकलेल्या नटाचे हात बरोबर चालतील, पण चेहरा मागे पडतो आणि कर्णबधिर प्रेक्षकाला ते लगेच कळते. 'कोडा' (२०२१) या अमेरिकी चित्रपटात कर्णबधिर पात्रांसाठी कर्णबधिर कलाकारच हवेत, असा आग्रह मार्ली मॅटलिन यांनी धरला. त्या स्वतः कर्णबधिर, आणि १९८७ च्या ऑस्कर सोहळ्यातल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. 'कोडा'तल्या कामासाठी ट्रॉय कॉट्सर यांनाही २०२२ मध्ये ऑस्कर मिळाले.

हातांनी किती सांगता येते हे तुमच्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. २०१५ मध्ये पाकिस्तानातून परतलेल्या कर्णबधिर गीताने आपल्या आठवणीतले नदी, देऊळ, रेल्वे स्टेशन खुणांनीच सांगितले. अशा आठवणींचा माग काढत तिच्या घराचा शोध मराठवाड्यापर्यंत आला. एवढे सांगण्याचे बळ असलेली मुले आपल्या कर्णबधिर शाळांतून आजही आहेत.

राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धा भरवते. पण शाळा संपली की पुढे काय? परभणीच्या हौशी नाट्यसंस्थांना माझी विनंती आहे : पुढचे नाटक बसवताना एक तरी भूमिका कर्णबधिर तरुणाला द्या, आणि तालमीला खुणांची भाषा जाणणारा शिक्षक बोलवा. तुम्ही जिंतूरचे, तेव्हा ही गोष्ट तुमच्या ओळखीच्या नाट्यमंडळींच्या कानावर घाला.